चष्म्याच्या गाडीचा नंबर

१

मे महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला पांढरकवड्याजवळ हायवेवर तपासणी पथकानं प्रेरणा गौरकारची गाडी अडवली, आणि अकरा वाजायच्या आत ती गाडी तिची उरली नाही.

गाडी म्हणजे आठ वर्षं जुनी पांढरी व्हॅन. आत डोळे तपासायचा तक्ता, भिंगांची पेटी, एक टेबल आणि चष्म्याच्या फ्रेमांचं कपाट. मुकुटबनच्या विठ्ठलराव गौरकारांची ही सत्तावीस वर्षांची मुलगी नागपूरच्या दवाखान्यातली नोकरी सोडून गावी परतली होती. मार्चपासून ती आसपासच्या आठवडी बाजारांत गाडी उभी करून लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत होती. उभ्या जन्मात डोळे न तपासलेली माणसं तिच्यापुढे रांग लावत. सगळे त्या व्हॅनला चष्म्याची गाडी म्हणत.

निरीक्षकानं कागद पाहिले. कागद चोख होते. मग तो वाकला, चाकामागच्या लोखंडी पट्टीवर ठोकलेल्या चेसिस नंबरावर टॉर्च मारला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, या नंबराशी कोणीतरी खेळलंय. गाडी चोरीचीही असू शकते. जमा करावी लागेल."

प्रेरणानं पहिला फोन भावाला, अंकुरला केला. तो बियाण्याच्या कामानं तेलंगणात गेला होता. दुसरा फोन तिनं यवतमाळला, रजनी मुळावकरांना केला.

रजनीबाईंनी बत्तीस वर्षं वाहन नोंदणीच्या खात्यात काढली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ओळखीतलं कोणी जुनी गाडी घ्यायचं म्हटलं की आधी त्यांच्याकडे यायचं. प्रेरणा शिकायला असताना त्यांच्याच घरी खोली घेऊन राहिली होती. म्हणून जानेवारीत त्या स्वतः पांढरकवड्याला जाऊन ही गाडी पाहून आल्या होत्या. कर भरलेला, बँकेचा बोजा नाही, दंड बाकी नाही. "डोळे मिटून घे," असं त्यांनीच सांगितलं होतं.

"काकू, ते म्हणते आठ दिवसांत खुलासा द्या. नाही देला तं गुन्हा माह्याच नावानं," प्रेरणा म्हणाली. "तुमी तं पाह्यली होती ना गाडी?"

रजनीबाईंनी कपाट उघडलं. मालकी बदलाच्या अर्जाला चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीनं घासलेली छाप जोडावी लागते. जानेवारीत गाडीखाली आडवं होऊन त्यांनी दोन छापा घेतल्या होत्या. एक अर्जाला लावली, एक सवयीनं ठेवून दिली. ती त्यांनी उजेडात धरली. आकडे कंपनीतून आले तसे, एका ओळीत, एका उंचीचे. शेवटचे तीन, सहाशे अठरा.

म्हणजे जानेवारीत या नंबराला कोणाचा हात लागलेला नव्हता.

२

जमा केलेल्या गाडीजवळ जायला परवानगी लागते. बुधवारी साहेब दौऱ्यावर होते. गुरुवारी साहेब होते, पण अर्ज चुकीच्या टेबलावर गेला होता. बरोबर टेबलावरचे गृहस्थ जेवायला गेले ते चार वाजता परतले आणि म्हणाले, उद्या या. टेबलाच्या त्या बाजूला बसून हेच शब्द आपण किती जणांना सांगितले असतील, हे आठवून रजनीबाईंचा संताप आणखीच वाढला. त्यांच्या पायाला सूज आली होती, आणि ऊन असं की बाकड्यावर बसवत नव्हतं.

अंकुर बहिणीसोबत तिन्ही दिवस होता. मंगळवारी तो दीड वाजता ऑटोनं पोचला तेव्हापासून पाण्याच्या बाटल्या आणणं, फोटोकॉपी काढणं, सगळं तोच करत होता. तिशीचा, अंगानं मजबूत, कमी बोलणारा.

"सोड ना, प्रेरणा," तो म्हणाला. "भंगारात गेली समज. तुह्या नावावर काही येणार नाही हे पाहू, बस. आपण दुसरी पाहू."

"कायची दुसरी, दादा? बाबानं एकदाच देले पैसे."

अंकुर रिकाम्या बाटल्या भरायला उठून गेला.

शुक्रवारी दहा मिनिटांची परवानगी मिळाली. पोलीस ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत गाडी तापून उभी होती. प्रेरणा आत शिरली, फ्रेमांचं कपाट उघडून तिनं हात फिरवला आणि टेबलाशी बसून राहिली.

"किती मनासारखी बनली होती, काकू," ती म्हणाली. "बाबुलाल मिस्त्रीले सांगायचं राहूनच गेलतं का मी डावखुरी हाय. तरी त्यानं टेबल बरोबर डाव्या हाताले लावलं."

रजनीबाईंचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून पट्टा ओढत होत्या. पट्टा लोक छातीपुरताच ओढतात. त्यांनी तो शेवटपर्यंत ओढला. टोकाची वीतभर पट्टी तपकिरी होती. नखानं खरवडल्यावर वाळलेला बारीक गाळ मांडीवर सांडला.

"ही गाडी पाण्यात बुडालेली आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच!" प्रेरणा उठून उभी राहिली. "दोन महिन्यांत तीनदा वायरिंग जळली. मले वाटलं माह्याच नशिबात हाय."

रजनीबाई खाली उतरल्या, साडी सावरत गाडीखाली शिरल्या आणि कागद धरून पेन्सिल घासली. बाहेर येऊन त्यांनी नवी छाप जानेवारीतल्या छापेशेजारी धरली. सगळे आकडे सारखे. शेवटचा इंग्रजी आठ मात्र वेगळा. त्याची उजवी बाजू जुनी, गुळगुळीत होती आणि डावी बाजू खोल, काठाला खरबरीत. रजनीबाईंनी डावी बाजू अंगठ्यानं झाकली. इंग्रजी तीन उरला.

"सहाशे तेराचं सहाशे अठरा केलंय," त्या हळूच म्हणाल्या. "प्रेरणा, आपण जानेवारीत पाहिली ती गाडी ही नाहीच."

३

गाडी विकणारा हरिसिंग राठोड पांढरकवड्याचा. त्याचं लग्नाचं बँड पथक होतं. त्याला धारेवर धरायचं ठरवूनच रजनीबाई शनिवारी प्रेरणाला घेऊन निघाल्या. पण त्या अंगणात पाय ठेवतात तोच तो त्यांच्यावर उसळला.

"या! मीच येणार होतो तुमच्याकडं. गाडी विकली तुमाले, आन् टोलचे पैसे अजून माह्या खात्यातून कटून राह्यले! काचीवरचा टॅग महिनाभर राहू द्या म्हणलं, तं तुमी चार महिने वापरता?"

"काका, माह्या गाडीच्या काचीवर टॅगच नाही," प्रेरणा म्हणाली. "आन् मी त्या टोलवरून एकदाही गेली नाही."

"मंग हे काय भूत फिरून राह्यलं?" त्यानं मोबाइल पुढे केला.

रजनीबाईंनी चष्मा लावला आणि एकेक मेसेज वहीत उतरवायला घेतला. टोलनाका पांढरकवड्याच्या दक्षिणेला, तेलंगणाच्या हद्दीजवळचा. पहिला मेसेज दोन फेब्रुवारीचा, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं, तेलंगणाकडे जाताना. त्या दिवशी परतीचा मेसेज नव्हता. तो थेट सहा तारखेचा. पुढे बहुतेक दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाण्यायेण्याचे. शेवटचा पाच मेचा, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं, पांढरकवड्याकडे येताना.

"पाच मेला अकरा वाजता माही गाडी पोलिसांत जमा होती!" प्रेरणा म्हणाली.

"हे अजून पाहा," हरिसिंग चिडून म्हणाला. त्यानं खिशातून दंडाची पावती काढली. "चव्वेचाळीस अठरा नंबरवर दंड. जोरात चालवली म्हणे. मेलेल्या गाडीवर दंड, बाई!"

"मेलेली म्हणजे?"

"जुळ्या होत्या माह्या गाड्या. चव्वेचाळीस सतरा आन् चव्वेचाळीस अठरा. एकाच दिवशी घेतलेल्या, एकच रंग. सतरा तुमाले देली. अठरा परवाच्या साली पैनगंगेच्या पुरात गेली, ढोल-ताशे सगळे घेऊन. हायवेवरच्या धावजी भंगारवाल्याले देऊन टाकली. जानेवारीत सांगतलं ना मी या पोरीले आन् हिच्या भावाले. तुमी तवा गाडीखाली होत्या."

"भंगारात दिल्यावर नोंदणी रद्द केली होती?"

"कायले त्या चकरा? गाडीच गेली तं कागदाचं काय करता!"

रजनीबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, गाडी मेली आणि कागद जिवंत ठेवलात तुम्ही! तिचा जुना कागद आहे का घरात?"

हरिसिंगची बायको रुपीबाई पेटीतून कागद घेऊन आली. चेसिस नंबराचे शेवटचे तीन आकडे होते, सहाशे तेरा.

दंडाची पावती एकवीस एप्रिलची, सकाळी सात पन्नासची. टोलचा मेसेज त्याच दिवशीचा, सात बेचाळीसचा, त्याच रस्त्यावरचा. रजनीबाईंनी दोन्ही शेजारी ठेवले. प्रेरणाची चांगली गाडी, काचेवर स्वतःचा जुना टॅग आणि पाटीवर मेलेल्या बहिणीचा नंबर लावून, मजेत रस्त्यावर फिरत होती. बुडालेली गाडी तिचा नंबर लावून प्रेरणाच्या गळ्यात पडली होती.

"टॅग काहून नाही काढला मंग त्यानं?" प्रेरणानं विचारलं.

"नवा टॅग घ्यायचा तर मालकाचे कागद लागतात. ते त्याच्याकडे नव्हते. जुना चालतोय तर चालू दे म्हणाला असेल." रजनीबाई रुपीबाईंकडे वळल्या. "दोन फेब्रुवारीला गाडी इथून कोणी नेली?"

"आमचे हे लग्नाले आर्णीले गेलते," रुपीबाई म्हणाल्या. "एजंट पियूषभाऊचा फोन आला, माणूस पाठवतो, चावी देऊन टाका म्हणे. एक जवान माणूस आला. सकाळची थंडी होती, तोंडाले दुपट्टा होता. चावी घेतली आन् गेला."

दोघी तशाच धावजीच्या भंगाराकडे गेल्या. फाटकाला कुलूप होतं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, धावजी मंगळवारी संध्याकाळीच सामान घेऊन कुठंतरी निघून गेला.

४

रविवार बंदचा. सोमवारी सकाळी आठलाच रजनीबाई यवतमाळला बाबुलाल मिस्त्रीच्या शेडमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. प्रेरणाच्या गाडीतलं टेबल-कपाट त्यानं बसवलं होतं. मिस्त्री दहाला उगवला.

"माझ्याकडे आली तीच गाडी मी बनवली, बाई," तो कानाला हात लावून म्हणाला. "मी कायले बदलू? तीन हफ्ते माझ्या शेडमध्ये उभी होती, सगळ्यांसमोर."

रजनीबाईंना ते पटलं होतं. शुक्रवारी त्यांनी गाडीचा तळ पाहिला होता. कपाटाच्या बोल्टांना एकच एक भोक, फालतू भोक कुठंही नाही. कपाट एका गाडीत बसवून नंतर दुसरीत हलवलं असतं तर खुणा राहिल्या असत्या. म्हणजे बुडालेली गाडीच बाबुलालकडे आली होती.

"किती वाजता आली?"

बाबुलालनं वही उघडली. दोन फेब्रुवारी, दुपारी सव्वादोन.

चांगली गाडी सकाळी नऊ पाचला टोल ओलांडून तेलंगणाकडे गेली आणि चार दिवस परतलीच नाही. तरी सव्वादोनला एक गाडी इथं हजर झाली. टॅग नसलेली गाडी रोख पैसे भरून नाका ओलांडते, तिचा मेसेज कोणाला जात नाही. अदलाबदल झाली ती त्या पाच तासांत, नाक्यापलीकडे, धावजीची गाठ घालून. म्हणजे ज्यानं हरिसिंगच्या घरून चावी घेतली, त्यानंच इथं गाडी आणून दिली.

"कसा होता आणणारा?"

"पियूषभाऊचा ड्रायव्हर असंल. नाव नाही विचारलं. डोकं खाल्लं त्यानं माझं. टेबल इकडं नको, तिकडं लाव. मी उजवीकडं खुणा केलत्या, सगळ्या पुसायले लावल्या."

"ते राहू द्या हो," रजनीबाई वैतागून म्हणाल्या. "दिसायला कसा होता?"

"दुपट्टा होता ना, बाई."

५

पियूष हा रजनीबाईंच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. गाड्यांच्या कागदपत्रांची एजंटगिरी करायचा. त्याचं नाव प्रेरणाला त्यांनीच सुचवलं होतं. त्या त्याच्या दुकानात शिरल्या तेव्हा त्यानं खुर्ची पुसून दिली.

"दोन फेब्रुवारीला गाडी पांढरकवड्याहून कोणी आणली, पियूष?"

"मीच, काकू. सरळ बाबुलालकडे."

"किती वाजता निघालास?"

"नऊच्या सुमारास. दोन वाजता पोचलो असेन, मध्ये चहाला थांबलो."

रजनीबाईंनी वही मिटली. "दोन फेब्रुवारीला सर्व्हर बंद होता. प्रेरणाच्या मालकी बदलाचा अर्ज घेऊन आपण दोघं साडेदहा ते तीन खिडकीपुढे बाकावर बसलो होतो. माझ्या डब्यातला आलुबोंडा तू खाल्लास. मग गाडी काय आपोआप चालत आली?"

पियूषचा चेहरा उतरला. "काकू, ड्रायव्हरचे पैसे मी प्रेरणाताईंकडून घेतले होते, म्हणून..."

"पैशाचं मरू दे. नेली कोणी?"

"एक फोन घेऊन आलो," असं म्हणत तो बाहेर गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. रजनीबाई दारात येईपर्यंत तो चौकापलीकडे गेला होता. मग त्याचा फोनही बंद झाला.

निरीक्षकाला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मग सरळ आहे, मॅडम. धावजी आणि हा एजंट. दोघं पळाले. उद्या आठवा दिवस. पियूषच्या नावानं तक्रार द्या, मुलगी सुटेल."

रजनीबाईंनी रात्री कागद काढला. पियूषचं नाव लिहायला पेन टेकवलं, पण हात पुढे जाईना. कुठंतरी चुकत होतं.

६

मंगळवारी सकाळच्या मुकुटबनच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक बाई पोराला सांगत होती, "उजव्या हातानं खा रे, उजव्या." पोरगं डाव्या हातानंच चिवडा तोंडात टाकत होतं.

रजनीबाईंनी डोळे मिटले, आणि पुढचे दोन थांबे त्यांना कळलेही नाहीत.

गौरकारांच्या घरी सगळे ओसरीवर होते. विठ्ठलराव खाटेवर, त्यांची पत्नी इंदूबाई दारात, प्रेरणा पायरीवर. अंकुर चार्जिंगला लावलेला मोबाइल काढून निघायच्या तयारीत होता.

"बस रे जरा," रजनीबाई म्हणाल्या. "मंगळवार आहे, ठाऊक आहे मला. पण आज तेलंगणात उशिरा गेलास तरी चालेल."

तो थबकला, मग खांबाला टेकून उभा राहिला.

रजनीबाईंनी जुळ्या गाड्यांपासून टोलच्या मेसेजपर्यंत सगळं सांगितलं. विठ्ठलराव मान खाली घालून ऐकत होते. "म्हणजे त्या एजंटाचंच काम," ते शेवटी म्हणाले.

"मलाही तसंच वाटत होतं. पण पियूष त्या दिवशी माझ्याशेजारी बसला होता. गाडी नेणारा दुसराच कोणी, आणि त्यानं बाबुलालला सांगितलं की टेबल उजवीकडं नको, डावीकडं लाव." त्या प्रेरणाकडे वळल्या. "तू सांगितलं नव्हतंस ना?"

"नाही. राहून गेलतं."

"पियूषला माहीत होतं?"

"त्याले कसं माहीत राहीन, काकू? तो मले दोनदा भेटला, तेही..."

प्रेरणा मध्येच थांबली. तिनं वडिलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग तिची मान सावकाश खांबाकडे वळली.

"दादा?"

अंकुरनं हातातला मोबाइल खिशात टाकला.

"पुरात गेलेल्या जुळ्या गाडीचं जानेवारीत हरिसिंगनं तुम्हा दोघांसमोर सांगितलं," रजनीबाई म्हणाल्या. त्यांना हे बोलताना जड जात होतं. "फेब्रुवारीपासून मंगळवारी नि शुक्रवारी तू बियाण्याच्या कामाला जातोस आणि टोलचे मेसेजही त्याच वारांचे येतात. पाच मेला बारा वीसला ती गाडी नाका ओलांडून इकडे आली. दीड वाजता तू पांढरकवड्यात ऑटोतून उतरलास. मी चुकत असेन तर सांग. रुपीबाई आणि बाबुलाल दोघांना तुला भेटवते. तोंडाला दुपट्टा नसताना आवाज तरी ओळखतील."

"नका भेटवू," अंकुर म्हणाला.

७

इंदूबाई दार सोडून पुढे आल्या. विठ्ठलराव खाटेवरून उठलेच नाहीत.

"काहून, दादा?" प्रेरणा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

"मी तीन वर्षं मागून राह्यलो गाडी," अंकुर म्हणाला. "सवारीची लाइन टाकतो, तिकडं आदिलाबादले भागीदार हाय. तीन वर्षं! बाबा म्हणे पैसे नाही. आन् तुह्यासाठी एका दिवसात निघाले." त्यानं भिंतीकडे तोंड केलं. "धावजीकडची पाह्यली, सेम टू सेम. तो म्हणे इंजिन चालू करून देतो, नंबरचंही पाहून घेतो. मी म्हणलं, तुही गाडी दिवसभर बाजारात उभीच तं राहते. उभं राहायले चांगली गाडी कायले पाहिजे? पियूषले म्हणलं, घरचीच गाडी हाय, मीच नेतो, तू ड्रायव्हरचे पैसे ठेवून घे. त्याले बाकी काही माहीत नव्हतं, पोलिसाले भेऊन पळाला असंल."

"आन् टेबल?"

"टेबल तं लावा लागनच ना बरोबर. तुले त्रास झाला असता."

प्रेरणा हसली की रडली ते रजनीबाईंना कळलं नाही. "तीनदा वायरिंग जळली, दादा. झरीच्या बाजारात एक म्हातारी आत बसली होती तवा धूर निघाला. हातानं वढून काढली मी तिले."

अंकुर खाली उकिडवा बसला आणि त्यानं तोंड हातांत झाकलं.

"पोरी, घरातलं घरात राहू दे," इंदूबाई रडत म्हणाल्या. "तो गाडी आणून देईल. पियूषचंच नाव देऊन टाका ना, बाई. तो तसाही पळाला."

"आणि पियूषच्या आईला काय सांगू मी?" रजनीबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच राग येत होता. काल रात्री आपणही तेच नाव लिहायला निघालो होतो.

गाडी आणून देणंही इतकं सोपं नव्हतं. दोन्ही गाड्या आता पुरावा होत्या. निकाल लागेपर्यंत दोन्ही पोलिसांच्या आवारात उन्हापावसात उभ्या राहणार, वर्ष जाईल की दोन, कोणी सांगू शकत नव्हतं. खरं शोधून काढलं, तरी प्रेरणाच्या हाती त्यातलं काहीच लागणार नव्हतं. रजनीबाईंनी हे तिला स्पष्ट सांगितलं.

"माहीत हाय, काकू," प्रेरणा म्हणाली. "भिंगाची पेटी तं सोडवून देतील? तेवढी बसमध्ये नेता येते. झरीच्या लोकायले मी सांगतलं हाय, येतो म्हणून." ती आत गेली आणि कागद घेऊन आली. "दुपारपर्यंत द्यायचा हाय ना खुलासा. तुमी सांगा, मी लिहितो."

रजनीबाई सांगत गेल्या, ती लिहीत गेली. तारखा, दोन्ही गाड्यांचे नंबर, टोल, धावजी. पियूषनं खोटं सांगितलं एवढंही तिनं लिहिलं. खाली अर्जदार म्हणून तिनं आपलं नाव घातलं, प्रेरणा विठ्ठलराव गौरकार. वरती गाडी बदलणाऱ्याच्या नावाची जागा तिनं मोकळी ठेवली होती. ती आता तिथं वळली. अंकुर, असं लिहून झालं. पुढच्या शब्दाशी पेन अडलं. शाई एका ठिपक्यात जमायला लागली.

पत्र्यावर उन्हाचा कडकड आवाज होत होता.

विठ्ठलराव खाटेवरून उठले. लेकीच्या मागे येऊन त्यांनी कागदावर पाहिलं. चष्मा नव्हता, तरी त्यांना दिसलं असावं.

"लिही, माय," ते म्हणाले. "माहं नाव गाळू नको. पुरं लिही."